साहेब बरे आहेत!

चर्चच्या पाळकाच्या घरात दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक म्हणजे लोकांचे स्टीलचे डबे. कोणी मटण देतं, कोणी करंज्या देतं, आणि रिकामा डबा न्यायला कोणी फिरकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. डबे निदान कधीतरी परत करता येतात. किस्से ज्याचे असतात त्याला ते सांगायची सोय नसते!

म्हणून आम्ही ते एकमेकींना सांगतो. आम्ही म्हणजे तीन पाळकिणी: वर्तकनगरची सुहास, शहाडची मार्था आणि ठाण्यात कोपरीची मी, रूथ. चर्चमधले लोक आमच्या नवऱ्यांना 'साहेब' म्हणतात, म्हणून आम्हीही एकमेकींशी बोलताना साहेबच म्हणतो. महिन्यातल्या एका सोमवारी साहेब लोकांची मीटिंग असते, तेव्हा आमचीही असते. त्यांच्या मीटिंगला अजेंडा असतो, आमच्या मीटिंगला चहा आणि खारी.

हसतो खूप. पण तिघींच्या पोटात भीती एकच. हे लोक दुसऱ्यांसाठी प्रार्थना करता करता एक दिवस असेच कोसळणार, आणि आपल्याला सगळ्यात शेवटी कळणार.

*

सुहासच्या साहेबांचा घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. सुहासच्या पायाखालची जमीन सरकली. साहेबांना काही नाही! फोन वाजला की सगळ्यात आधी तेच धावायचे.

शेवटी तिने फोन काढून घेतला आणि ज्याचा येईल त्याच्यासाठी स्वतःच प्रार्थना करायला लागली. कोणाची सासू आजारी, कोणाच्या पोरीची परीक्षा, कोणाचं पासपोर्टचं काम अडलेलं. साहेब समोर बसून हातवारे करायचे. अजून बोल, संपवू नकोस, नातवाचं राहिलं!

एकदा फोन स्पीकरवर होता. पलीकडून लोखंडेबाई म्हणाल्या, "बाई, राग नका मानू, पण तुमची प्रार्थना छोटी असते आणि लागू पडते. आता साहेबांना आराम करू दे. कायमचा!"

"काय म्हणाल्या त्या?" साहेब ओरडले. आवाज तिथल्या तिथे परत!

आम्ही हसून हसून बेजार झालो. सुहास मात्र मध्येच थांबली. म्हणाली, "रूथताई, ते 'कायमचा' आहे ना, ते अजून माझ्या कानातून जात नाही गं."

*

मार्थाचे साहेब उपासाचे फार पक्के. शहाडला भर उन्हात घरभेटी, पोटात पाण्याचा थेंब नाही. एका दुपारी एका घरात प्रार्थना करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. लोकांनी रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. जनरल वॉर्ड, सलाईन.

मार्था घरून कपडे आणि पेज घेऊन धावत पोचली. पाहते तर बेड रिकामा! चादर सारखी केलेली. उशीवर कोणी नाही.

जनरल वॉर्डात रिकाम्या बेडचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. मार्था म्हणते, "हातातली पिशवी कधी पडली मला कळलंच नाही."

तेवढ्यात वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून ओळखीचा आवाज आला. साहेब एका हातात सलाईनचा स्टँड धरून एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर दुसरा हात ठेवून उभे! त्याच्या आधी अख्खी रांग उरकली होती.

सिस्टर धावत आली. "तुमचे मिस्टर का हे? मला वाटलं कोणी व्हिजिटर आहेत. दोनदा बाहेर जा म्हणून सांगितलं मी!"

मार्थाने भर वॉर्डात सुनावलं, "आधी स्वतःच्या बेडवर जा. देवाला तुमच्याशी बोलायचं असेल तर तो कुठे शोधत फिरणार तुम्हाला?"

साहेब गेले. पण जाताना मधल्या एका बेडपाशी थांबलेच.

*

आता माझ्या घरचं. आमच्या साहेबांना सोमवारची सुट्टी असते. कागदोपत्री! मी एकदा हट्टच धरला. फोन बंद करायचा आणि तलावपाळीला माझ्याबरोबर फिरायला यायचं. आले. पण कसे, तर बंद फोन हातात घट्ट धरून.

बाकावर बसलो. मी भेळ आणली. साहेबांचं लक्ष भेळेत नाही, तळ्यात नाही. "कोणाला काही झालं तर?" थोड्या वेळाने, "साठेंच्या आईंची तब्येत नाजूक आहे." पुन्हा थोड्या वेळाने, "कोणी फोन केला असेल आणि लागला नसेल, तर काय म्हणतील?" कपाळावर घाम. मला त्यांची कीव आली. म्हटलं, "करा बाई चालू."

त्यांनी फोन चालू केला आणि टक लावून बघत बसले. एकही मिस्ड कॉल नाही. एकही मेसेज नाही. साठेंच्या आई ठणठणीत!

मला वाटलं, आता तरी जीव भांड्यात पडेल. घरी परत आलो. जिना चढताना एकदम म्हणाले, "कोणालाच माझी गरज लागली नाही गं?"

मी हा किस्सा सांगितला तेव्हा सुहास आणि मार्था आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघींच्याही घरी हेच दुखणं.

*

यानंतरचं मला सांगतानाही नीट हसता येत नाही.

चर्चमध्ये रविवारची भक्ती चालू होती. साहेबांचा संदेश रंगात आलेला. विषय होता नम्रता. बोलता बोलता ते थांबले. वाक्य अर्धंच राहिलं. दोन्ही हातांनी समोरचं पुलपीट धरलं, डोळे मिटले.

लोकांना वाटलं, साहेब भारावले. मागून कोणीतरी "हालेलूया!" म्हणालं. कीबोर्डवाल्याने हळुवार सूर धरला. बायकांनी डोळे पुसले. सगळं चर्च कसं भक्तिभावाने स्तब्ध झालं.

मी तिसऱ्या रांगेत. मला दिसत होतं की डोक्यावर पंखा गरगरतोय आणि साहेबांचा शर्ट छातीवर भिजत चाललाय. पुलपीट धरलेली बोटं पांढरी पडली होती. मला उठायचं होतं. उठले असते तर सगळ्यांना कळलं असतं. मी बसून राहिले आणि मनात एकच म्हणत राहिले, पडू नका हो, पडू नका.

ते सावरले. पाणी प्यायले. संदेश पूर्ण केला. बाहेर पडताना लोक हात दाबून सांगत होते, "साहेब, आजचा मेसेज एक नंबर! त्यातही तुम्ही गप्प राहिलात ना, तो भाग तर काळजाला भिडला!"

*

डॉक्टरकडे जायला साहेब तयार झाले, पण एका अटीवर. ठाण्यात नको. ओळखीचं कोणी बघेल. डोंबिवलीला जाऊ.

ही लपवाछपवी का, तेही सांगते. आम्ही राहतो ते घर चर्चचं. पाळक आहे तोवर घर आहे. आमच्या आधीचे पाळक आजारी पडले, तेव्हा चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी साळवे सर मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले होते, "मंडळीला धडधाकट पाळक पाहिजे." पुढच्या महिन्यात त्या पाळकांचं सामान टेम्पोत! पण घराहून मोठी भीती वेगळीच. जो माणूस रोज दुसऱ्यांना 'विश्वास ठेवा, बरे व्हाल' म्हणतो, त्याच्याच छातीत दुखतं हे लोकांना कसं सांगायचं?

तर डोंबिवलीचा दवाखाना. वेटिंगमध्ये शिरलो, आणि कोपऱ्यात टोपी डोळ्यांवर ओढून कोण बसलंय? मार्थाचे साहेब! शेजारी मार्था. ते शहाडहून लपत आलेले, आम्ही कोपरीहून.

"अरे, तुम्ही इकडे कुठे?" आमचे साहेब.

"एका बंधूंना भेटायला आलेलो. अॅडमिट आहेत. आणि तुम्ही?"

"आम्हीपण. एक भगिनी आहेत."

दोन पाळक, एकाच बाकावर, धडधडीत खोटं बोलत होते! वर एकमेकांच्या पेशंटसाठी प्रार्थना करायचं कबूलही केलं. मी आणि मार्था जमिनीकडे बघत बसलो.

मग रिसेप्शनवरच्या मुलीने हाक मारली, "ते चक्कर येणारे पास्टर कोण? आणि ते छातीत दुखणारे पास्टर? दोघांपैकी आधी कोण जाणार?"

दोघेही एकमेकांना म्हणाले, "तुम्ही आधी!"

हे आठवून मार्था आजही हसते. मी त्या दिवशी हसत होते ते आत जाईपर्यंत. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला. म्हणाले, अँजिओग्राफी करावी लागेल, लांबवू नका, येत्या मंगळवारी या. साहेबांनी विचारलं, "ख्रिसमसनंतर चालेल का?"

"तुम्हाला ख्रिसमस बघायचाय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

*

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. घरात कोणाशी बोलायची चोरी. रस्त्यात कोणी भेटलं की हसायचं. साहेब आत पडलेले असायचे आणि मी दारातून, फोनवरून, जिन्यातून एकच वाक्य म्हणायचे. साहेब बरे आहेत. जरा वाचत बसलेत. साहेब बरे आहेत. आत्ताच बाहेर गेले.

गुरुवारी साळवे सरांचा फोन आला. नाव बघूनच मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"सलाम, बाई."

"सलाम, सर. साहेब बरे आहेत!"

"बाई, मी हॉलच्या चावीचं विचारायला फोन केलेला."

चावी आमच्याकडेच होती. ती खिळ्यावर समोर दिसत असताना मी नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. संपलं, असं वाटलं. त्या माणसाला कळलं.

*

आणि आता तो रविवार.

आमच्याकडे भक्तीनंतर प्रार्थनेची रांग लागते. ज्याला काही दुखत-खुपत असेल तो मधल्या वाटेत उभा राहतो. साहेब खाली येऊन एकेकाच्या डोक्यावर हात ठेवतात, त्याच्यासाठी प्रार्थना करतात. वर्षानुवर्षांची पद्धत आहे.

त्या दिवशी रांग लांब होती. मी प्रत्येक डोक्याबरोबर देवाला विनवत होते, आता पुरे कर. दोन माणसांच्या मध्ये साहेब कठड्याला हात टेकत होते. साळवे सर नेहमीसारखे मागे, दारापाशी खुर्चीवर. सगळा वेळ त्यांची नजर साहेबांवर. माझी त्यांच्यावर.

रांग संपली. शेवटची बाई डोळे पुसत जागेवर गेली. आता आशीर्वाद म्हणायचा आणि घरी. पण साहेब वर गेले नाहीत. ते वळून मधल्या वाटेत आले आणि जिथे लोक उभे राहतात तिथे, वेदीकडे तोंड करून, मान खाली घालून उभे राहिले.

समोर कोणीच नव्हतं.

कोणाला काही कळेना. कीबोर्ड थांबला. साहेब माइकशिवाय बोलले, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "मंगळवारी माझी अँजिओग्राफी आहे. मला भीती वाटते. कोणीतरी माझ्यासाठी प्रार्थना करा."

हे शब्द मीही कधी ऐकले नव्हते. घरीसुद्धा.

कोणी हललं नाही. पाळकाच्या डोक्यावर हात कोण ठेवणार? बायकांनी पुरुषांकडे बघितलं, पुरुषांनी कमिटीकडे, आणि कमिटीने खाली फरशीकडे. मी उठायला समोरचा बाक धरला आणि तशीच राहिले. साहेब तसेच उभे.

दारापाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साळवे सर उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहऱ्यावर मीटिंगला असतात तेच भाव. सावकाश चालत ते अख्खी वाट पुढे आले. माझ्या डोळ्यांसमोर टेम्पो उभा राहिला. आता हे सगळ्यांसमोर म्हणणार, बुधवारी बैठक घेऊ.

ते साहेबांच्या पुढ्यात जाऊन थांबले. मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. आमचे साहेब चांगले उंच, साळवे सर त्यांच्या खिशापर्यंत येतात. सरांनी हात वर केला. तो खांद्यापर्यंतच गेला. टाचा उचलून पुन्हा एकदा केला.

मग नेहमीच्याच करड्या आवाजात म्हणाले, "साहेब, जरा खाली वाका. माझा हात पोचत नाही."