गुंजीच्या भातगिरणीतलं बारसं

बेळगावला जायचं ते तिथल्या शहापूरमधले विणकरांचे माग पाहायला, एवढंच ठरलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी जर्मनीहून प्रशांतचा मेसेज आला. आम्ही पूर्वी एका कचेरीत काम करायचो. ‘बेळगावला चाललीयस तर पुढं गुंजीला जा. माझी आत्या तिथं असते. तिचा फोन बघ. रविवारी माझ्या मुलीचं बारसं आहे.’

प्रशांतला बहीण नाही. त्यामुळं मुलीच्या कानात नाव सांगायचा मान त्याच्या आत्याकडं, म्हणजे आक्कांकडं आला होता. नावही त्यांनीच ठरवलं होतं. पण महिनाभरापासून व्हिडिओ कॉलचं अॅप त्यांच्या फोनवर उघडत नव्हतं. ‘नाव मला लिहून पाठव’ असं प्रशांतनं विनवलं, तर आक्का म्हणाल्या, “आधी बाळाच्या कानात, मग तुझ्या.”

पुण्याहून पहाटे निघालं तर निपाणीत न्याहारी होते. हमरस्त्यावरच्या ढाब्यांपेक्षा गावात वळा. पाट्या एका बाजूनं कन्नड, एका बाजूनं मराठी, आणि चहावाला समोरच्याचा चेहरा बघून भाषा निवडतो. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, “पुण्याचं काय? मग साखर कमी.” निपाणीनंतर काही ठिकाणी रस्त्याचं काम चालू आहे, तासभर जास्तीचा धरा.

शहापूरच्या बोळांतून गाडी नेऊ नका, बाहेर लावून चालत जा. दुपारच्या वेळी दोन-तीन घरांतून मागाचा खटखटाट ऐकू येतो आणि देवळाच्या घंटेशी त्याचा ताल कधी जुळतो, कधी नाही. एका विणकराच्या ओट्यावर मी आक्कांसाठी हिरवी साडी घेतली. “कुणाला?” त्यानं विचारलं. “बारशाला आत्याला,” म्हटल्यावर त्यानं काठ उलगडून पुन्हा नीट घडी घातली आणि एक खणाचा तुकडा वर ठेवला. “हा बाळाला.”

खानापूर ओलांडलं की झाडी दाट होते आणि फोनची रेंज पातळ. गुंजीला स्टेशन आहे, मोजक्याच गाड्या थांबतात. आक्कांचं घर स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. त्या दारातच उभ्या होत्या, हातात फोन.

“आलीस? जेवून घे आधी. फोन कुठं पळून जात न्हाय.”

तांदळाची भाकरी आणि झणझणीत आमटी खाल्ल्यावर मी फोन हातात घेतला. सगळा कन्नडमध्ये. बेळगावच्या दुकानदारानं चालू करून दिला तो तसाच राहिलेला.

“तुम्हाला वाचता येतं?”

“बोलायला लई येतं. वाचायला न्हाय. मराठी शाळेत गेलतो मी.” (इकडच्या बायका ‘गेलतो’च म्हणतात, दोन दिवसांत आपलीही जीभ वळते.) “खुणंनं चालवतो. रोज सांजच्याला एक चौकोन येतो, त्यात दोन बटणं. खालचं दाबलं की जातो बिचारा.”

मी भाषा मराठी केली. थोड्या वेळानं तो चौकोन आला. वरच्या बटणावर ‘आता अपडेट करा’, खालच्यावर ‘नंतर’. आक्कांनी चष्मा लावून वाचलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं बाई! वरीसभर मीच त्याला नंतर म्हणालतो व्हय?”

फोन इतका मागं राहिला होता की अॅपनं त्याला दारात उभं करायचं सोडलं होतं. अपडेट वाय-फायवरच उतरणार, आणि घरात वाय-फाय नाही. मोबाइलची रेंज परसात पेरूच्या झाडाखाली कशीबशी दोन काड्या.

“माझ्या फोनवरून बोला उद्या,” मी म्हटलं.

“उद्या बोलीन. परवा तू पुण्याला. पोरगी कूस वळली, दात आला, ते काय पेरूच्या झाडाला विचारू? आणि पहिला फोन आत्याच्या नंबरावरनंच जायला पायजे.”

मग गावात वाय-फाय कुठं मिळेल ते मी विचारलं.

गावात इंटरनेटची वायर आली होती ती आप्पांच्या भातगिरणीत. आप्पा आक्कांचे शेजारी. वाय-फायचा डबा पावसाळ्यात विजेनं जळला, तेव्हापासून वायर थेट बिलं करायच्या जुन्या कॉम्प्युटरात. त्या कॉम्प्युटरला वाय-फाय माहीतच नाही. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथं पोचलो: मी, आक्का आणि माझा लॅपटॉप.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी सांगते. लॅपटॉपला वायर खोचायची जागा असेल तर सेटिंगमध्ये ‘मोबाइल हॉटस्पॉट’ चालू करायचं. वायरीतून आलेलं इंटरनेट लॅपटॉप हवेतून वाटायला लागतो आणि फोनला ते वाय-फाय म्हणून सापडतं. माझा लॅपटॉप जुना, म्हणून ती जागा होती; आप्पांच्या कॉम्प्युटरातली वायर काढून तिथं खोचली. फोन चार्जिंगला लावला, वरचं बटण आक्कांनी स्वतः दाबलं. अपडेट मुंगीच्या पावलानं उतरू लागलं.

भाताचा हंगाम. गिरणी धडधडत होती, कोंडा उडत होता, पोती घेऊन आलेल्या बायका आक्कांना छेडत होत्या. “आत्याबाई, नाव तरी सांगा की!”

“तुमच्या कानात सांगायला तुम्ही काय पाळण्यात हाय?”

आम्ही चहाला बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर फोन जिथल्या तिथं थांबलेला. लॅपटॉप बंद, त्यावर स्वच्छ टॉवेल पांघरलेला.

“आप्पा, हे कुणी केलं?”

“मी. केवढा कोंडा उडतोय बघ की. म्हागाची वस्तू उघडी ठेवत्यात व्हय?”

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि त्याच्याबरोबर वाय-फायही. मी समजावल्यावर आप्पांचा चेहरा पडला. आक्का म्हणाल्या, “असू द्या आप्पा. बाळाला पांघरूण घातल्यागत घातलंसा.” मी झाकण उघडलं, लॅपटॉप झोपू नये अशी सोय केली. अपडेट थांबलं होतं तिथून पुढं सरकलं. आप्पांनी स्टूल आणलं आणि टॉवेलनं कोंडा वारत लॅपटॉपशेजारी बसून राहिले.

अपडेट उतरलं आणि फोन काळा झाला. पडद्यावर नुसतं फिरणारं चक्र. त्याच वेळी लॅपटॉपच्या वाय-फायवर असलेला माझा फोन वाजला. प्रशांत. “आत्या कुठंय? पाळणा सजलाय, सगळे जमलेत. मुलगी आता झोपेल.”

आक्का माझ्या खांद्यावरून ओरडल्या, “झोपू दे! पाळण्यात घालू नगो अजून!”

नवी साडी नेसलेल्या आक्का त्या चक्राकडं बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. नाव घोकत असाव्यात.

फोन उजळला. अॅप उघडलं. आक्कांनी स्वतः कॉल लावला. पडद्यावर खिडकीतलं राखाडी आभाळ, मग प्रशांत, मग बाळ. “ऐकू येत नाही आत्या, कसला आवाज आहे?” आप्पा उठले आणि त्यांनी भर हंगामात, भर दुपारी गिरणीचा खटका ओढला. पट्टा फिरत फिरत थांबला. पोतीवाल्या बायका आक्कांच्या मागं गोळा झाल्या. तिकडं प्रशांतनं फोन बाळाच्या कानाजवळ नेला. आक्कांनी तोंडाशी पदर धरून काहीतरी पुटपुटलं आणि त्याच क्षणी “कुर्रर्र!” करत चौघी-पाचजणींनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

“हळू गं भवान्यांनो! फोन पडंल!”

तिकडून प्रशांतच्या बायकोनं नाव मोठ्यानं सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. प्रभा. “मलप्रभा नदी आपल्या तालुक्यातनंच निघती,” आक्का मला म्हणाल्या. “तीही लांब जाती, पण नाव हितलं.”

परतताना बेळगावात कुंदा घेतला, तो साताऱ्यापर्यंत निम्मा संपला. खर्च विचाराल तर पेट्रोल आणि टोल सोडून फार काही नाही. गुंजीत मला कुणी काही देऊ दिलं नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी माझ्याच फोनवर तो चौकोन आला. मराठीतच होता, कधीपासून येत होता. अंगठा सवयीनं खालच्या बटणाकडं गेला आणि थांबला. वरचं दाबलं. फोन काळा झाला, चक्र फिरत राहिलं आणि तेवढा वेळ मी काहीच न करता खिडकीशी बसले.

फोन उघडल्यावर आक्कांचा व्हिडिओ कॉल येऊन गेलेला दिसला. खाली मेसेज, मराठीत: ‘प्रभा हासली. तू कुठं हाईस?’