ओल्या कचऱ्यामागोमाग: धायरी ते डेपो

धायरीतील आमच्या सोसायटीच्या आवारात गांडूळखताचा एक खड्डा आहे. ओला कचरा आवारातच जिरवावा, हा महानगरपालिकेचा नियम. तो पाळल्याबद्दल मिळकतकरात सवलतही मिळते. हा खड्डा बुजवून तेथे मोटारी उभ्या करण्याचा ठराव रविवारच्या सभेत येणार होता. खड्ड्याची निगा मी राखतो, म्हणून सचिवांनी मला आधी कळविले. सचिव संगणक कंपनीत आहेत.

"काका, इश्यू काय आहे? इन्स्पेक्शन झालं, सवलत मिळाली. आता ओला कचरा गाडीत देऊन टाकू."

"गाडी तो कोठे नेते?"

"डेपोला. सिटीच्या बाहेर."

"आपण पाहिला आहे?"

"तिथं कोण जाणार, काका!"

मी जाणार, असे तेथेच सांगितले. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले आहे. परंतु ज्या गावी आपली घाण पाठवावयाची, ते गाव आधी पाहून यावे, एवढे समजण्यास ते पुरेसे आहे.

शनिवारी सकाळी निघालो. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. ही चूक आपण करू नये. धायरीहून स्वारगेट, तेथून हडपसर, अशी बस बदलावी. हडपसरला मिसळ खाऊन घ्यावी, कारण पुढे खाण्याची इच्छा राहत नाही. पुढील प्रवास सहा आसनी रिक्षाचा. आसने सहा असतात, माणसे सहावर थांबत नाहीत.

"डेपोला? कोण पाहुणे आहेत का तिथं?" चालकाने विचारले.

"नाही. आमचा कचरा आहे."

"मग बसा पुढं. घरचेच की तुम्ही!"

फाट्यावर उतरल्यावर वाट विचारावी लागत नाही; वास नेतो. समोर एक डोंगर दिसला, वर घारी. त्याच्या अंगावर चढलेल्या गाडीने मागील झडप उघडली, तेव्हा तो डोंगर कशाचा आहे ते समजले. ओला, सुका, सगळा कचरा एकदम कोसळला.

"आम्ही घरी दोन डबे ठेवतो. येथे हे एकत्र कसे?" मी पहारेकऱ्यास विचारले.

"ठेवा की, आजोबा. चांगली सवय आहे."

लगतच्या वस्तीत एका बाईंनी मला ओट्यावर बसविले. चहा आला, तो बशीने झाकलेला. मी सवयीप्रमाणे बशी उचलली, थोडा चहा तीत ओतला आणि फुंकर घातली. तेवढ्यात उघड्या कपात माशा पडल्या.

"अहो पाव्हणं, बशी प्यायला न्हाय, झाकायला हाय! उचलायची, घोट घ्यायचा, परत झाकायची." बाईंनी कप ओतून दुसरा आणला. "कुठलं तुम्ही?"

"पुण्याचा."

"मंग तुमचंच हाय ते समदं. बघा, वळखू येतंय का." त्या हसल्या, मला हसता आले नाही. "हिरीचं पाणी बी पीत न्हाय आमी. गाड्या अडवल्या की तुमी बोंब मारता."

"अडवाव्यात," मी म्हणालो.

"तुमच्या दारात साठल की!"

"साठू दे."

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसले नाही. सदरा मी धुण्यास टाकला नाही. रविवारी तोच घालून सभेस गेलो.

"काका, हा स्मेल..." सचिव नाक धरून म्हणाले.

"आपलाच आहे," मी म्हणालो, आणि पाहिलेले सर्व सांगितले. सर्वांनी शांतपणे ऐकले. नंतर हात वर झाले. ठराव मंजूर.

सोमवारी सकाळी मी महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात खड्डा बुजविण्याविरुद्ध अर्ज दिला आणि खड्ड्यावर खुर्ची टाकून बसलो. दुपारी मुरूम घेऊन ट्रक आला. पाठोपाठ सचिव आले. माझ्या हातातील कपाकडे त्यांनी पाहिले.

"काका, झाकून काय पिताय? इथं एक माशी नाही."

"नाही. आपण त्या तिकडे पाठविल्या आहेत."

ट्रकचालकाने दोनदा भोंगा वाजविला. मी बशी उचलली, एक घोट घेतला आणि पुन्हा झाकली. चहा बराच शिल्लक होता.