बगलेतली कळी

सन २०१९. मला बहात्तर पुरी झाली होती. माझ्या पणज्याला एका संस्थानच्या राजानं अंगावरचा जरीचा अंगरखा काढून दिलेला. तो लिलावात विकून घरावर स्लॅब टाकायचा, असं माझ्या पोरानं ठरवलं.

लिलाववाला मुंबईहून पिंपरी पेंढारला आला. अंगरखा उलटून बघताना त्याचा हात बगलेत थांबला.

"इथं कापड जोडलंय."

"राजा बारीक व्हता, आमी रुंद. माझ्या लग्नात कळी घातली."

"ती काढून टाकू," म्हणत त्यानं सहीला कागद पुढं सरकवला. मी चौथी नापास. अक्षर अक्षर लावून वाचलं. 'राजानंतर हा अंगरखा कुणीही अंगात घातलेला नाही.'

"बाबा, करा की सही. पावणं खोळंबलेत," पोरगा दातओठ खात म्हणाला.

"मग माझा बाप, मी अन् तू उघड्या अंगानं बोहल्यावर चढलो का रं?"

लिलाववाला म्हणाला, "आजोबा, सही नसेल तर लिलाव नाही."

मी पेनाला टोपण लावलं. पोरगा त्या दिवशी माझ्या पंगतीला बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी जुन्नरला गेलो आणि अंगरखा शिंप्याकडं टाकला. नातू माझ्याहून रुंद आहे, त्याच्या मापाची कळी घालायला सांगितली.