तिसरा बोकड

वडिवळ्याच्या शालनच्या बोटांना गोचिडांची सवय होती. सहा शेळ्या, एक गाय. रोज सकाळी त्यांच्या कानामागचे गोचीड उपटायचे नि विस्तवात टाकायचे. दोन-चार तिलाही चावायचेच. ती खाजवायची आणि विसरायची.

चैत्रात घरच्या देवीला बोकड दिला. दुपारी पंगत झाली. दिवेलागणीला शालनच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला. नवऱ्यानं, हनुमंतानं, मोटारसायकलवरून कामशेतला दवाखान्यात पळवली म्हणून वाचली.

"नैवेद्यात काय तरी चुकलं," सासू नंदाबाई म्हणाल्या. "आईचा कोप हाय."

दुपारच्या मटणावर संशय कोण घेणार? मध्ये पाच तास गेले होते, आणि बाकी पंगत ठणठणीत होती. कोप शमवायला महिन्याभरात दुसरा बोकड दिला. प्रसादाचा पहिला घास नंदाबाईंनी सुनेला आपल्या हातानं भरवला. संध्याकाळी शालन अंगणातच कोसळली.

आता येत्या रविवारी तिसरा ठरला होता.

त्याआधी हनुमंतानं तिला लोणावळ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी भलतंच विचारलं, "गोचीड चावतात का?"

"शेळ्या पाळायच्या अन् गोचीड चावायचे न्हाईत व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, गोचीड चावल्यावर एखाद्याला मटण सोसेनासं होतं, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. रक्त तपासायला हवं.

लॅबमधल्या ज्योत्स्नानं रक्त घेतलं. "मावशी, ही तपासणी मुंबईला होते. शनिवारी रिपोर्ट येईल. तोवर मटण अजिबात नको."

"अन् रिपोर्टात काय न्हाई निघालं तर?"

"तर दुसरं कारण शोधू."

दुसरं कारण शालनला ठाऊक होतं. ते देव्हाऱ्यात बसलं होतं. आठवडाभर ती सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढं दिवा लावत राहिली.

शनिवारी हनुमंताच्या मोबाईलवर रिपोर्ट आला. पाठोपाठ ज्योत्स्नाचा फोन. "आकडा खूप जास्त आहे. अ‍ॅलर्जी मटणाचीच. पुढचा झटका जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणतात."

हनुमंतानं आईला समजावलं. नंदाबाई उसळल्या, "मशिनीला देवी कळती व्हय रं?" मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या.

"म्हंजी दुसऱ्या बारीला म्याच भरीवलं तिला?"



रविवारी बोकड दावणीलाच राहिला. देवीपुढं नुसता नारळ फुटला. दिवेलागण झाली तशा नंदाबाई शालनसमोर येऊन बसल्या. तिच्या ओठांवरची नजर हलवीनात. शालनचाही हात सारखा घशाकडं जात होता.

"श्वास येतुय न्हवं गं?"

"येतुय, आत्याबाई."

थोड्या वेळानं पुन्हा, "येतुय न्हवं?"