पहिल्या रविवारची प्याली

सलोमी,

तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं आपल्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिकांकवाल्यांनी सांगितलंय. ‘विश्वासात खंबीर राहिलेली भगिनी’ हा मथळा त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. मी म्हटलं, मथळा तुमच्याकडेच राहू द्या, मी सलोमीला पत्र लिहिते, छापायचं तर छापा. तुला ठाऊक असलेलंच तुला पुन्हा सांगावं लागणार, कारण वाचणार दुसरेच आहेत. तेव्हा मध्येच ‘म्हाईत हाय की’ म्हणू नकोस.

तर तू सलोमी चांदणे. माहेर कागलचं, वडील मिशनच्या बंगल्यावर माळी. लग्न होऊन कोल्हापुरात आलीस. नवरा पिराजी लवकर गेला. मग एका इस्पितळात आया म्हणून लागलीस ती केस पिकेपर्यंत. पदरी एकच मुलगा, सम्राट. वारणानगरला डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर होता. लग्नाचं नाव काढलं की टँकर घेऊन पळायचा.

आणि तू चर्चचा द्राक्षरस करायचीस. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. पावाचा तुकडा आणि काचेच्या इवल्या प्यालीत घोटभर रस. थाळी बाकावरून फिरते, जो तो आपली प्याली उचलतो. हा रस आमच्या चर्चने कधी विकत आणला नाही. आदल्या शनिवारी तू काळी द्राक्षं पातेल्यात उकळायचीस, चेचायचीस, मलमलीच्या फडक्यातून गाळायचीस. हंगाम नसला की मनुका भिजवायचीस. लहानपणी सम्राट पातेलं चाटायला यायचा आणि तू उलथनं घेऊन त्याच्या मागे लागायचीस. “देवाचं हाय ते, मुडद्या!” हे मी माझ्या खिडकीतून ऐकलंय. आपल्या घरांमध्ये एक भिंत होती, तीही पातळ.

सम्राटला कावीळ झाली. ती उतरली नाही, यकृतावर गेली. मंडळीने साखळी प्रार्थना धरली. म्हणजे दिवसरात्र कुणी ना कुणी प्रार्थनेत बसलेलं असतं. एकेका घराने एकेक तास वाटून घ्यायचा आणि आपला तास झाला की पुढच्या घरी फोन करायचा. शाळामास्तरणी, रिक्षावाले, माझ्यासारखी रिटायर्ड भूगोलाची प्राध्यापिका, सगळे होते साखळीत. तूही तुझा तास दवाखान्याच्या जिन्यात बसून केलास.

तो सकाळी गेला. इस्पितळात जो तो धावपळीत, आणि साखळीला कळवायचं कुणालाच सुचलं नाही. आपल्या चर्चच्या गायनमंडळातली अनुजा आहे ना, तिने स्वयंपाकघरात गुडघे टेकून अख्खा तास त्याच्या बरं होण्यासाठी प्रार्थना केली आणि वेळ झाल्यावर पुढच्या घरी फोन केला. त्या घरानेही केली. सम्राट तोवर शवागारात होता.

मातीनंतर अनुजा तुझ्याकडे रडत आली, हे सांगायला. तू म्हणालीस, “रडू नको. च्या घे.” ती गेल्यावर मला विचारलंस, “मॅडम, ती प्रार्थना कुठं गेली असंल गं?”

मी म्हटलं, “मला भूगोल येतो. हे नाही येत.”

तू मान हलवलीस. चुकीच्या स्टॉपवर एसटीची चौकशी केल्यावर माणूस हलवतो तशी.

नंतर महिनाभर माणसं येत राहिली. देवाची काहीतरी योजना असेल, म्हणायची. तू म्हणायचीस, “व्हय.” देवाला चांगली माणसं आधी लागतात, म्हणायची. “व्हय.” दूधवाला ‘अर्धा लिटर का?’ विचारतो, त्यालाही हाच ‘व्हय’, ह्याच आवाजात. मला राग यायचा त्या माणसांचा. तुला नाही यायचा. तुला भूक लागायची नाही, झोप यायची नाही, रडू तर नाहीच. मी पिठलं-भात आणून ठेवला की तू जेवायचीस. नाही आणला तर तसंच.

चर्चला मात्र येत राहिलीस. शनिवारी पातेलं चढत राहिलं, भिंतीपलीकडून वास येत राहिला, तेव्हा लोकांना वाटलं, बाई सावरली. मग पहिला रविवार आला. थाळी तुझ्यापुढे आली, तू तिच्याकडे बघितलंस आणि प्याली न उचलता थाळी माझ्याकडे सरकवलीस. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच.

बाहेरच्या वाचणाऱ्यांना सांगते, आमच्यात ही बारीक गोष्ट नाही. मन कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करायचा आणि मग प्रभुभोजन घ्यायचं, अशी आमची शिकवण. त्यामुळे कुणी प्याली सोडली की मागच्या बाकांवर तर्क सुरू होतात: हिचं भांडण कुणाशी?

आणि भांडण सापडलं. माझ्याशी.

झालं असं की आपण कपिलतीर्थच्या मंडईत बादशहाच्या गाड्यावर द्राक्षं घेत होतो. मी म्हटलं, “बिनबियांची घे. गाळायला सोपी.”

“बिनबियाच्याला चव नसती.”

“घोटभर तर असतो. चव कोण बघतंय त्यात?”

“मॅडम, तू आफ्रिका कुठं हाय ते बघ. द्राक्षाचं मला कळतंय.”

“आफ्रिका जागेवरच आहे. तुझ्या कंबरेचं काय? तासभर ओणवी राहून चेचत बसतेस.”

“माझी कंबर हाय, माझं पातेलं हाय. तुझं काय जातंय?”

बादशहा कळवळून म्हणाला, “मावशी, भांडायचं तर जरा पलीकडं सरकून भांडा की. गिऱ्हाईक पळाय लागलंय माझं!”

सम्राट गेल्यापासून तुझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा वर चढला होता, म्हणून मी मुद्दाम ताणलं. शेजारी कोथिंबीर निवडत सयाजीमास्तर उभे होते. निवृत्त हेडमास्तर, आमच्या चर्चचे पंच, कान तरुण. रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं की सलोमी आणि मॅडम यांचं फाटलंय. आपण दोघी त्याच रविवारी एका बाकावर, एका गीतपुस्तकातून गात होतो, हे कुणी धरलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसले असते. पण पंचांच्या बैठकीत पुढचा प्रश्न निघाला. जी बाई स्वतः प्याली घेत नाही, तिने मंडळीसाठी रस करावा का? बाटलीबंद रस मिळतो, तो आणावा. हे मला अनुजाने सांगितलं आणि मी त्या रात्री नीट जेवले नाही. कारण मी भिंतीपलीकडे राहत होते. तुझ्या महिन्यात उठण्यासारखा एकच दिवस उरला होता, तो शनिवार. द्राक्षांसाठी तू वेणी घालायचीस. बाकीचे दिवस वेणीही नाही.

पाळकांच्या, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या, बंगल्यावर आपल्याला बोलावणं आलं. नवे पाळक पोरसवदा, मनाने नितळ, प्रार्थना लांबलचक. ती झाल्यावर सयाजीमास्तर म्हणाले, “दोघी एकमेकींचा हात धरा.”

धरला. तुझा गार होता.

“आता मनात असेल ते बोला.”

मी म्हटलं, “माझ्या मनात एवढंच आहे की चहा निवतोय.”

“मॅडम, थट्टा नको. तुमच्यातलं वैर मंडईत अख्ख्या गावानं ऐकलंय.”

“ते द्राक्षांवरून होतं.”

“द्राक्षांवरूनच सुरू होतं. मग जमिनीवर जातं.”

“आमच्यात जमीन कुठली, मास्तर? एक भिंत आहे सामाईक. तिच्यावरून भांडू का?”

तेव्हा तू बोललीस. हात माझ्या हातातच ठेवून. “मास्तर, हिच्याशी भांडण न्हाय माझं. ही जरा आगाव हाय, पण ते पयल्यापास्नं हाय.”

“मग प्याली का घेत नाहीस, बाई?”

“हात उचलत न्हाय.”

पाळक हळूच म्हणाले, “देवावर राग आहे का, सलोमीताई? असला तर असू दे. तो ऐकून घेतो.”

“राग असता तर बरं झालं असतं, पाळकसाहेब. भांडले असते. मला काय वाटतच न्हाय. उपासनेला बसती, गीत म्हनती, तोंड हालतंय. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर टोचून बघत्यात न्हवं, लागतंय का म्हणून? तसं हाय. लागत न्हाय.”

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, “मग मनात श्रद्धा नसताना रस कशाला करायचा?”

“द्राक्षं उकळाय श्रद्धा कशाला लागती? जाळ लागतो.” मग तुझा आवाज खाली गेला, इतका की मी शेजारी असून वाकले. “बाकीच्यांना लागतंय की आत. त्यांनी प्यावं. मी करती. तेवढं काढून घेऊ नका.”

मास्तर नियमांचं काही बोलू लागले. पाळकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि आमच्यासमोर पहिल्यांदाच त्यांची प्रार्थना दोन वाक्यांत संपली. मग म्हणाले, “रस सलोमीताईच करतील. जन्मभर. करणाऱ्यानं प्यायलाच पाहिजे असा नियम असेल तर मला दाखवा, मास्तर, मी वाचतो.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. निघताना चपला घालत तुझ्याकडे न बघता म्हणाले, “पुढं हंगाम संपेल. मनुका मी आणून देत जाईन.”

“बियांच्या आणा,” तू म्हणालीस.

वार्षिकांकवाल्यांना आता इथे उजेड हवा असेल. त्या दिवसानंतर सलोमीचं दुःख हलकं झालं, विश्वास दुप्पट झाला वगैरे. तसं काही झालं नाही. तू पहिल्यासारखीच राहिलीस. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. थाळी यायची, तू प्याल्यांमधला रंग बघायचीस, पुढे सरकवायचीस. मागचे लोक तर्क करून थकले. पुढच्या बाकावर अनुजा प्याली घेऊन डोळे पुसायची, तिच्याकडे तू टक लावून बघायचीस. हेवा नाही, काही नाही. नुसतं बघणं. ईस्टरच्या आधी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांना चुना लावायला जातात, तशी तू गेलीस, सम्राटच्या थडग्याला चुना लावलास, ब्रश धुतलास, घरी आलीस. मी सोबत होते. वाटेत तू कांद्याच्या भावाबद्दल बोललीस.

एकदा मीच अधीर होऊन विचारलं, “सलोमी, एकदाचं सांग. तुझा विश्वास आहे की गेला?”

“म्हाईत न्हाय,” तू म्हणालीस. “तू उगं परीक्षा घेऊ नको. रिटायर झालीयास.”

या पावसाळ्यात तुझ्या पायांवर सूज आली, दम लागू लागला. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं. इस्पितळात राहायला तू नाही म्हणालीस. तिथे आयुष्य गेलं, आता पुरे. गुरुवारी मास्तर मनुका घेऊन आले, बियांच्या. तुला उभं राहता येईना, म्हणून शुक्रवारीच तुझ्या शेगडीवर मी पातेलं चढवलं आणि तू खाटेवरून कारभार केलास.

“ढवळू नको सारखं. लापशी हाय का ती?”

“मग तूच ऊठ.”

“उठले असते तर तुला कशाला हाक मारली असती? जाळ कमी कर. फडकं पिळू नको, आपोआप गळू दे. किती घाई तुला, मॅडम.”

मी पिळलंच. तुला दिसलं, तू डोळे मिटून घेतलेस. रस बरणीत भरून मी झाकण लावत होते, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, “रविवारी मला एक प्याली घेऊन ये.”

मी बरणी खाली ठेवली. “पाळकांना सांगते. ते आजाऱ्यांना घरी येऊन देतात.”

“नको. ते प्रार्थना करतील, मग मी तोंड कसं करून बसू ते कळत न्हाय. तूच आण. आन् काय बोलू नको.”

“पिणार का?”

“आण तर. मग बगू.” जरा वेळाने पुन्हा, “उपासना संपली की लगीच ये. दारात गप्पा छाटत उभी राहू नको.”

मी घरी येऊन, तुझ्या वाटणीचा घोट आणायला, खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली उकळून, पुसून पर्समध्ये ठेवली.

शनिवारी सकाळी चहा घेऊन आले तर तू झोपेतच गेली होतीस. अंग गार होतं, तोंडावर काही नव्हतं. संध्याकाळी पावसाची उघडीप बघून तुला सम्राटच्या शेजारी ठेवलं. पाळक थोडकंच बोलले. मास्तरांनी माती टाकताना माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

रविवारी चर्चमध्ये तुझाच रस होता. थाळी आपल्या बाकावर आली. सवयीने मी तुझ्याकडून येण्याची वाट बघितली, ती समोरूनच आली. मी प्याली उचलली, प्यायले. जिभेला थोडा गाळ लागला. फडकं पिळलं होतं ना मी.

उपासना संपल्यावर मी कुणाशी न बोलता उठले आणि दारापर्यंत गेले. तिथे आठवलं की बाटली भरून घ्यायची राहिली. परत वळले. आत अनुजा उरलेल्या प्याल्या गोळा करत होती. तिने विचारलं, “मॅडम, काही हवंय का?”

मी म्हटलं, “नाही.” बाटली पर्समध्येच आहे.