डोकियाच्या डब्यातल्या गोळ्या

डोकिया ह्रित्साकने मिटवलेली पिरोही उकळत्या पाण्यात कधी फुटली नाही. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी दहा-बारा बायका लांब टेबलाभोवती बसत, कणकेच्या चकतीत बटाट्याचं सारण भरत आणि कड चिमटीत दाबत. लग्न असो की मयत, या पिरोह्यांशिवाय गावाचं पान हलत नसे. एकोणसत्तर वर्षांच्या डोकियाला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, तो या चिमटीचा.

दुसरी एक गोष्ट ती लपवत असे. सस्कॅचेवानच्या थंड प्रांतात ऑक्टोबरात हिमाने गवत पांढरं पडलं, की तिचं नाक वाहू लागे आणि आठवड्याभरात सर्दी छातीत उतरे. इतरांची सर्दी येई आणि जाई. तिची मुक्कामाला राही. कफ हिरवा पडे, तळघराच्या पायऱ्या चढताना धाप लागे. नोव्हेंबरात एकदा, फेब्रुवारीत एकदा, कधी इस्टरच्या तोंडावर पुन्हा. डॉक्टर गोळ्या लिहून देत. चार दिवसांत उतार पडला की ती गोळ्या थांबवी आणि उरलेल्या टॉफीच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकी. तिच्या आजीने पिठाची पोती उसवून मुलांचे सदरे शिवले होते. त्या घरात सुतळीचा तुकडाही फेकला जात नसे, मग चांगल्या गोळ्या कशा फेकायच्या? पुढच्या सर्दीला डॉक्टरकडे न जाता डबा उघडायचा. छातीचा फोटो काढायला शहरात जा, असं डॉक्टर दोन वर्षं सांगत होते. थुंकीचा नमुना आणायला त्यांनी झाकणाची एक बाटली दिली होती. ती तिने शेपूचं बी ठेवायला घेतली.

त्या नोव्हेंबरातल्या गुरुवारी ती जिभेखाली पेपरमिंट धरून बसली होती.

"डोकिया, तुझ्या छातीतला ट्रॅक्टर आज चालूच होत नाहीये," समोरून पावलिना म्हणाली. "नुसता घरघरतोय."

"तुझं तोंड मात्र कितीही थंडी असो, पहिल्या किल्लीला चालू होतं."

सगळ्या हसल्या. हसता हसता डोकियाला उबळ आली. ती तिने पिठाच्या हातात दाबली, हात ॲप्रनला पुसला आणि पुढची चकती उचलली. घरी बसायचं तिच्या मनातही आलं नाही. तिच्या खुर्चीवर दुसरी कुणी बसली असती.

तिच्या डाव्या हाताला ऑलेना बसे. वय चौऱ्याऐंशी. सगळ्याजणी तिला तेता म्हणत, आपण मावशी म्हणतो तसं. डोकियाला चिमटी शिकवली ती तिनेच.

आठवड्याभरात ऑलेना खोकू लागली. हा खोकला कुठून आला, हे दोघींपैकी कुणी बोललं नाही. डोकिया बीटाचं सूप घेऊन गेली.

"तेता, डॉक्टरकडे नेऊ का तुला?"

"या बर्फात चाळीस किलोमीटर? खोकल्यासाठी? मी काय राणी लागून गेले?"

डोकियाने पिशवीतून डबा काढला. त्यातल्या सहा गोळ्या तिने मोजून दिल्या. त्या दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांतल्या होत्या, रंग मात्र एकच.

"सकाळ-संध्याकाळ एकेक घे. मला तिसऱ्या दिवशी उतार पडतो."

"तू आहेस म्हणून बरं बाई," ऑलेना म्हणाली. डोकिया हलक्या पायांनी घरी आली. पुढे तिला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच, की त्या संध्याकाळी आपल्याला फार बरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला खरा. सहाव्या दिवशी ऑलेनाची मुलगी नादिया आईकडे आली, तर आई खुर्चीत बसलेली, ओठ निळसर, धड एक वाक्य बोलता येईना.

रविवारी डोकिया इस्पितळात गेली. ऑलेनाच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. परिचारिका नादियाला विचारत होती, "नीट आठवा. यायच्या आधी घरी काही औषध घेतलं होतं का? न्यूमोनिया आहे, पण दिलेल्या औषधाला दाद देत नाही. थुंकीच्या नमुन्यातही काही सापडलं नाही."

"छे! आई ॲस्पिरिनलासुद्धा घाबरते."

परिचारिका खाटेकडे वळली. "आजी, काही घेतलं होतं?"

ऑलेनाने डोळे उघडले. ते डोकियावर क्षणभर थांबले. मग तिने मान हलवली. नाही.

डोकियाला कळलं. म्हातारी स्वतःचा श्वास तारण ठेवून तिला वाचवत होती. डोकियाने कोट उचलला, "येते मी" असं काहीतरी पुटपुटली आणि बाहेर पडली. लिफ्टपाशी तिला उबळ आली. भिंतीला हात टेकून ती खोकत राहिली. शेजारून जाणाऱ्या माणसाने तिला वाट करून दिली, आजारी माणसाला देतात तशी. लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं. ती परत फिरली.

"मी दिल्या," दारातूनच ती म्हणाली. डबा तिच्या पिशवीतच होता. तिने तो पुढे केला. "यातल्या सहा. माझ्या उरलेल्या."

नादिया तिच्याकडे वळली. "सूप आणलं होतंस म्हणे. त्याच्यासोबत हे?"

"हो."

"आणि आता सांगतेस?"

"आता सांगतेय."

परिचारिका रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने उरलेल्या गोळ्या तळहातावर घेऊन त्यांच्यावरचे आकडे पाहिले आणि डॉक्टरांना फोन लावला. इस्पितळात चालू होतं तेच औषध घरी आधीच घेऊन झालं होतं, तेही अर्धवट. म्हणूनच नमुन्यात काही सापडलं नव्हतं. औषध बदलायचं ठरलं. फोन ठेवून तिने डोकियाकडे पाहिलं.

"आणि तुमचा हा खोकला किती दिवसांचा?"

"खोकला नाही. सर्दी आहे."

"कितवी?"

डोकिया बोटांवर मोजू लागली. खाटेवर ऑलेनाने मास्क बाजूला सारला.

"मूर्ख बाई," ती धापा टाकत म्हणाली, "मी गप्प बसले होते ना!"

डोकियाच्या छातीचा फोटो निघाला. श्वासाच्या नळ्या जागोजाग सैल पडल्या होत्या, कफ त्यांत साचून राही आणि प्रत्येक सर्दी तिथे घर करी. आता रोज सकाळी ती बाटलीतल्या पाण्यात नळी बुडवून फुंकते, बुडबुडे काढते, मग लांब श्वास घेऊन काचेवर वाफ धरावी तसा "हा" करून सोडते. कफ सुटतो. तो थुंकताना पहिले काही दिवस तिने नळ सोडून ठेवला होता, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस तिने टोचून घेतली. कफाचा रंग बदलला किंवा ताप आला, की आधी फोन, मग नमुना, मग गोळ्या, आणि त्या शेवटपर्यंत. डब्यातलं सगळं औषधवाल्याने परत घेतलं. डबा तिने घासून ठेवला. त्यात काही ठेवायला तिचा हात धजत नाही. त्या घरातली ती एकमेव रिकामी वस्तू.

ऑलेना नाताळाला घरी आली, पण तळघराच्या पायऱ्या पुन्हा उतरली नाही. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. कुणी टोमणा मारला नाही. पावलिनासुद्धा डोकियाशी हळू, गोड आवाजात बोलू लागली. ते डोकियाला ऐकवत नसे.

फेब्रुवारीत डोकियाचं नाक वाहू लागलं. तिने पावलिनाला फोन केला. "मी येत नाही. सर्दी झालीय." "बरं. बरं केलंस," पावलिना म्हणाली. सर्दी छातीत उतरलीच. पण या वेळी नमुना गेला, गोळ्या आल्या.

पाचव्या दिवशी, संध्याकाळच्या गोळीच्या वेळी फोन वाजला. ऑलेना होती.

"किती उरल्या?"

"चार."

"आणि बरं वाटतंय?"

"कालपासून चांगलं वाटतंय."

"मग?"

डोकियाने टेबलावरच्या पाकिटाकडे पाहिलं. "मग चारही घेणार."

"एक आत्ता घे. मला ऐकू दे."

तिने पेला भरला, गोळी गिळली. पलीकडे ऑलेनाला खोकला आला, कोरडा, लांबलचक. थांबता थांबेना. डोकियाने फोन कानापासून दूर केला नाही. तो खोकला संपेपर्यंत ती ऐकत उभी राहिली.

"तीन," मग ती म्हणाली.