सासऱ्यांच्या हयातीचा दाखला

जबलपुरात माझ्या सासऱ्यांइतका संशयी माणूस दुसरा नसेल. आणि असलाच, तर त्याला आपल्यावर पाळत ठेवायला कुणीतरी पाठवलंय अशी सासऱ्यांची खात्री असेल. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं गेटवर दरबानाची नोकरी केली. आत जाणाऱ्याचं टोकन बघायचं आणि बाहेर येणाऱ्याचे खिसे चाचपायचे, हे काम. निवृत्त होऊन महाराजपूरला घर बांधलं तरी ते काम सुटलं नाही, फक्त गेट बदललं. दूधवाला, गॅसवाला, सत्यनारायणाला आलेले गुरुजी, सगळ्यांना ते फाटकापाशी थांबवून पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतात. नुसत्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. "चेहरा तर कोणी पण बनवते. चाल नाही बनवता येत," म्हणतात. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलगी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर यायच्या आत या गृहस्थांनी हात धुवायच्या निमित्ताने मलाच अंगणातल्या नळापर्यंत चालवलं आणि मागून नीट बघून घेतलं. त्यांना काय दिसलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्न मात्र झालं.

मी सिविल लाइन्समध्ये बँकेत नोकरीला आहे. आमच्याकडे हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसलं, तेव्हा मी ही बातमी मोठ्या कौतुकाने त्यांना सांगायला गेलो आणि फसलो. "अच्छा, म्हणजे रोज अंगठा देऊन राहिले तुम्ही," ते म्हणाले. "आणि तुम्ही घरी गेल्यावर ते मशीन कोणाच्या ताब्यात राहते?" मला माहीत नव्हतं. "टोकन हरवलं तर दुसरं भेटते जवाईबापू, अंगठा कुठून आणाल?" पुढे माझ्या बायकोने त्यांना बोटाने उघडणारा फोन घेऊन दिला, तर त्यांनी त्यात स्वतःचं बोट न देता सासूबाईंची करंगळी नोंदवली. हेतू असा की चोराने त्यांना रस्त्यात गाठलं तरी फोन काही उघडणार नाही, कारण किल्ली घरी. त्यामुळे फोन उघडायचा झाला की ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहतात आणि सासूबाई पदराला कणीक पुसून करंगळी पुढे करतात. "आणि चोर घरीच आला तर?" सासूबाईंनी एकदा विचारलं. सासऱ्यांनी त्यांच्याकडेही संशयाने पाहिलं.

अशा माणसाने आधार कार्ड काढून घेतलं याचंच मला नवल वाटायचं. कसं काढलं ते खूप वर्षांनी कळलं, आणि तेही नाइलाज झाला म्हणून.

त्याचं असं झालं. पेन्शन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. आधी ते कागदावर होऊन जायचं. पण सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागले, म्हणून माझ्या बायकोने ठरवलं की आता हे घरीच फोनवर करायचं, बोट टेकवायचं किंवा चेहरा दाखवायचा की झालं. बोटाचं छोटं यंत्रही तिने कुणाकडून तरी मागून आणलं. सासरे नाही नाही म्हणत महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा एकदाचे तयार झाले. त्या दोघांचं सगळं घर त्या पेन्शनीवर चालतं आणि दाखला गेला नाही तर ती थांबणार, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी बोट ठेवलं. यंत्राने नाही म्हटलं. दहाही बोटं झाली. मग चेहरा दाखवला, तोही जुळेना. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला.

तेव्हा सासऱ्यांनी खाली बघत कबुली दिली. आधारच्या शिबिराला जायच्या आधी दोन दिवस ते परसात बसून विटेवर बोटं घासत होते. फोटोच्या वेळी त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली आणि गाल फुगवले. "पण बाबा, काहून असं केलं?" बायको जवळजवळ रडायलाच आली. "आपला खरा माल गेटवर दाखवायचा नसते," ते म्हणाले.

आता खरं ठरण्यासाठी पुन्हा तेच खोटं करणं भाग होतं. मी परसातून वीट आणली. त्यांनी बोटं घासली, कवळी काढून वाटीत ठेवली, गाल फुगवले आणि माझी बायको फोन धरून म्हणत राहिली, "बाबा, थोडे कमी... आता थोडे जास्त." नऊ वेळा झालं. पण मधल्या वर्षांत त्यांचं सोंगही म्हातारं झालं होतं. फुगवलेले गाल पूर्वीसारखे राहत नव्हते. दहाव्यांदा त्यांनीच हात आडवा केला. मला वाटलं, आता ते यंत्राच्या नावाने बोटं मोडणार. ते म्हणाले, "बरोबर करून राहिलं ते. खात्री पटल्याशिवाय मी तरी कोणाले सोडलं होतं काय?" त्या यंत्राबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द.

आधार दुरुस्त करून घ्यायला वेळ लागणार होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर बसवून आमच्या शाखेत आणलं. कागदी दाखला अजून चालतो, फक्त अधिकाऱ्याने माणूस समक्ष पाहून सही करायची. फॉर्म मी भरायला घेतला. ओळखीची खूण या रकान्याशी अडलो, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "डाव्या गुडघ्यावर तीळ. नोकरीच्या पुस्तकात तेच आहे." सही करणाऱ्या साहेबांनी मान वर केली, अर्धा क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. सासरे जागचे हलेनात. "साहब, एक बार ठीक से देख लीजिए," ते म्हणाले. साहेब हसले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. काम झालं होतं, पेन्शन वाचली होती. पण बाहेर आल्यावर ते भलतेच नाराज होते. "त्यानं पाहिलंच नाही. मी कोणी पण असतो तर?" यंत्राने नऊ वेळा नाकारलं त्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं.

परत येताना अधारतालच्या पुढे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी बाजूले घ्या." मी थांबलो. ते सावकाश उतरले, दोन्ही बाजूंना पाहिलं, माझ्या कानाशी आले आणि त्यांच्या अंगावरची खरी खूण त्यांनी मला सांगितली. गुडघ्यावर तीळबीळ काही नव्हता, तो चौतीस वर्षं कागदावरच होता. "हे तुमच्या सासूबाईले माहीत आहे. दुसरे तुम्ही," ते म्हणाले. "बाहेर कुठं माझं काही झालं, आणि ओळख पटवायले बोलावलं, तर तिले नका नेऊ. तुम्ही जा."

मी नुसती मान हलवली. ते मागे बसले आणि मी गाडी महाराजपूरकडे घेतली.

ती खूण मी बायकोलाही सांगितलेली नाही आणि इथेही लिहिणार नाही. त्यांचं आधार अजून तसंच आहे, दुरुस्तीची गोष्ट काढली की ते विषय बदलतात. दर नोव्हेंबरात मी त्यांना शाखेत आणतो आणि फॉर्मवर तो नसलेला तीळ लिहितो. हे खोटं मला अशीच पुष्कळ वर्षं लिहायला मिळावं.